ऑडी टीटी, फोंड्यातलं स्टेज १ ट्यूनिंग आणि इन्शुरन्सला न सांगितल्याचे ६२ हजार

गॅरेजला पाचपैकी पाच, रिमॅपला (इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याला) चार, आणि इन्शुरन्सच्या बाबतीत मी जे केलं ते दुसऱ्या कोणी करू नये म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलोय. गॅरेजचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चा, म्हणजे गाडीत बदल करण्यावरच्या बंदीचा, विषय येणार आहे आणि ज्या माणसाने मला प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं त्याच्या मागे उगाच कटकट लागायला नको. फोंडा तालुक्यात आहे, एवढं पुरे.

आधी गाडीबद्दल. मी मरीन इंजिनिअर, चार महिने बोटीवर आणि तीन-चार महिने घरी बांदोड्याला. २०२३ मध्ये पणजीच्या एका डॉक्टरांकडून २०१६ ची ऑडी टीटी घेतली, जीए-०७ पासिंग, एकाच हातातली, गॅरेजमध्ये कव्हर घालून ठेवलेली. टीटी ४५ टीएफएसआय आपल्याकडे एप्रिल २०१५ मध्ये आली तेव्हा एक्स-शोरूमच ६० लाखांच्या वर होती. २ लिटर टर्बो पेट्रोल, २३० बीएचपी, ३७० न्यूटन मीटर टॉर्क, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद, सहा गिअरचा ओला क्लचवाला एस ट्रॉनिक आणि शून्य ते शंभर ५.३ सेकंद हा कंपनीचा आकडा. लहानपणापासून मला दोन दरवाज्यांची गाडी हवी होती आणि ही मिळाली तेव्हा आठवडाभर मी रात्री उठून तिला बघून यायचो, खरं सांगतो.

मग एवढी गाडी असताना ट्यून कशाला, हे घरच्यांनीही विचारलं. कारण असं की हे इंजिन, ज्याला ईए८८८ म्हणतात, ते फोक्सवॅगन ग्रुपमध्ये किती तरी गाड्यांत वेगवेगळ्या ताकदीला बसवलेलं आहे, लोखंड जवळपास तेच आणि फरक टर्बोच्या साइजचा, कूलिंगचा आणि सॉफ्टवेअरचा. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, आत नकाशे असतात, म्हणजे अमुक आरपीएमला आणि अमुक पेडलला किती टॉर्क मागायचा, त्यासाठी किती बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) द्यायचा, स्पार्क किती डिग्री आधी टाकायचा, पेट्रोल किती सोडायचं. कंपनी हे सगळं हात राखून ठेवते कारण तीच गाडी वाळवंटात पण विकायची असते आणि बर्फात पण, हलक्या पेट्रोलवर पण चालायला हवी आणि वॉरंटीत इंजिन उघडायला लागू नये. रिमॅप म्हणजे त्या राखलेल्या हातातला थोडा भाग वापरणं. फुकट काही मिळत नाही, जास्त बूस्ट म्हणजे जास्त उष्णता, जास्त सिलिंडर प्रेशर आणि नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल चुकीच्या वेळी पेटून इंजिन खडखडण्याची, भीती, बोटीवर आम्ही दर वॉचला एक्झॉस्ट टेम्परेचर लिहून ठेवतो ते याच्याचसाठी.

आता या गॅरेजबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पहिल्या दिवसाबद्दल. मी जानेवारी २०२४ मध्ये गेलो, खिशात पैसे तयार, डोक्यात एकच गोष्ट की संध्याकाळी ट्यून केलेली गाडी घेऊन घरी जायचं. त्याने लॅपटॉप गाडीच्या ओबीडीला (तपासणीच्या सॉकेटला) लावला, शेजारी बसला आणि म्हणाला चला बोरीच्या पुलापर्यंत जाऊन येऊया. तिसऱ्या गिअरमध्ये दोन वेळा दाबायला लावलं, परत आणलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. चार सिलिंडरच्या चार रेषा होत्या, इग्निशन रिटार्डच्या, म्हणजे नॉक सेन्सरला खडखड ऐकू आली की ईसीयू स्पार्क किती मागे ओढतो ते. तीन रेषा ठीक, तिसऱ्या सिलिंडरची रेषा चार-पाच डिग्री खाली घसरलेली. म्हणजे माझी गाडी २३० बीएचपी देतच नव्हती, स्वतःला वाचवत चालली होती. तो एवढंच म्हणाला, "पात्रांव, आयज फ्लॅश करचो ना. पयलीं प्लग आनी कॉयल." म्हणजे आज नवी फाइल टाकणार नाही, आधी प्लग आणि कॉइल.

मला त्या क्षणी राग आला होता, पण आज वाटतं तिथेच त्या माणसाची किंमत कळली. दुसरा कोणी असता तर पैसे घेऊन फाइल टाकून मोकळा झाला असता आणि दोन महिन्यांत माझ्या पिस्टनची वाट लागली असती. प्लग काढले तर टोकं झिजलेली, एकाच्या पोर्सेलिनवर तपकिरी रेघ. नवीन चार प्लग टाकले, गॅप ०.६ मिलिमीटरला बसवला कारण बूस्ट वाढला की मोठ्या गॅपमधला स्पार्क विझतो, तिसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलली, इंजिन ऑइल कंपनीच्या स्पेसिफिकेशनचंच टाकायला लावलं. ऑइलवर त्याने फार जोर दिला. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमवर जास्त टॉर्क मागितला की कधी कधी स्पार्कच्या आधीच स्फोट होतो, आणि त्यात ऑइलचाही हात असतो. त्यामुळे ट्यून केलेली गाडी उंच गिअरमध्ये १५०० आरपीएमवर दाबायची नाही, हे त्याने मला तीनदा सांगितलं. मग सांगितलं की आठवडाभर ९५ ऑक्टेनच्या (नॉकिंग कमी होणाऱ्या) पेट्रोलवर चालव आणि परत ये.

आठवड्याने परत लॉग. तिसऱ्या सिलिंडरचा रिटार्ड एक डिग्रीच्या आसपास. मग फ्लॅश केलं, ओबीडीतूनच, वीस-पंचवीस मिनिटं, बॅटरीला सपोर्ट चार्जर लावून कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरतो. मूळ फाइल त्याने आधी वाचून माझ्या पेनड्राइव्हवर दिली, ही एक गोष्ट तुम्ही कुठेही ट्यून कराल तिथे मागाच, न देणाऱ्याकडे जाऊ नका. फ्लॅशनंतर पुन्हा तीन फेऱ्या, दोनदा फाइल बदलली, एकदा बूस्ट कमी केला कारण उन्हात इनटेकचं तापमान वाढत होतं, शेवटी लॉगमध्ये पीक बूस्ट १.१ वरून १.४ बारच्या आसपास आला.

बीएचपी किती झाले ते सांगत नाही, कारण ताकद मोजणाऱ्या रोलर डायनोवर गाडी चढवली नाही आणि डायनोशिवाय कोणी आकडा सांगत असेल तर तो अंदाज आहे. मी तिसऱ्या गिअरला लॉक करून ४० ते ८० ला लागणारा वेळ मोजला, तोच रस्ता, तीच सकाळची वेळ, तीन फेऱ्यांची सरासरी. पहिल्या दिवशी ४.३ सेकंद. प्लग, कॉइल आणि ९५ ऑक्टेननंतर ३.९. ट्यूननंतर ३.३. म्हणजे एकूण जो एक सेकंद मिळाला त्यातला ०.४ निव्वळ मेंटेनन्सचा होता! ज्यांना ट्यून करायचंय त्यांनी हे आधी वाचा, तुमच्या गाडीत कंपनीने दिलेली ताकद तरी पूर्ण येतेय का ते बघा, नंतर पुढचं.

चालवायला कशी वाटली? अनमोड घाटात दुसऱ्या गिअरमधून वळण संपता संपता पाय दाबला की क्वाट्रो चारही चाकांना पकडून वर ओढतं आणि ट्यूननंतर तो ओढा २००० पासूनच यायचा, ट्रकच्या मागे अडकलेलं असताना ओव्हरटेकला लागणारी जागा कमी झाली, नव्या जुवारी पुलाच्या चढावर गिअर खाली न टाकता गाडी सरळ चढायची. पेट्रोल हळू चालवलं तर तेवढंच लागत होतं. एक मार्क कापला तो गिअरबॉक्ससाठी, ट्यून केलेल्या टॉर्कला गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर जुनंच राहिलं की तिसऱ्यातून चौथ्यात जाताना कधी कधी एक हलका धक्का जाणवायचा. त्याने हे आधीच सांगितलं होतं आणि टॉर्क मुद्दाम ४०० च्या आसपास धरून ठेवला होता. गिअरबॉक्सचं ट्यूनिंग वेगळं ३० हजार, ते मी केलं नाही.

आता माझी पहिली चूक. मला आवाज पाहिजे होता, म्हणून मी ऑनलाइन एक उघडा कोन फिल्टरवाला इनटेक मागवला, लाल रंगाचा. गॅरेजवाला म्हणाला गरज नाही, कंपनीचा बंद डबा या ताकदीला पुरतो, उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि आपल्याकडच्या पावसात पाण्याची भीती वेगळी. ऐकलं नाही. त्याने बसवून दिला नाही, मी दुसरीकडे बसवून घेतला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून डाउनपाइप टाकायचा पण विचार होता, त्याला मात्र त्याने साफ नकार दिला आणि ते मी ऐकलं, कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीला तर अडकतेच, शिवाय प्रदूषणाच्या कलमाखाली पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड आहे.

दुसरी चूक मोठी. बिल करताना मी एजंटला फोन लावला की इन्शुरन्सला काही कळवायचं का. एजंट म्हणाला काही सांगू नका हो, सॉफ्टवेअर कोणाला दिसतंय, बिलावर जनरल सर्व्हिस लिहून घ्या आणि विसरून जा. मी ते गॅरेजवाल्याला सांगितलं तर त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "बिलाचेर जें केलां तेंच बरयतलों." आणि तसंच लिहिलं, इंजिन ईसीयू सॉफ्टवेअर कॅलिब्रेशन, ४५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५३,१०० रुपये. प्लग-कॉइलचं बिल वेगळं. हेही म्हणाला की कंपनीला एक मेल टाकून ठेव. मी टाकला नाही, कारण एजंटचं ऐकणं सोयीचं होतं.

ऑगस्ट २०२४, गणेश चवथीच्या आधीचे दिवस. रात्री साडेदहाची वेळ, मुसळधार पाऊस, उसगावच्या पुढे रस्त्यावर गुरं बसलेली. आपल्याकडे पावसात गुरं डांबरावर येऊन बसतात हे सगळ्यांना माहीत आहे, मीही ४५ च्या आसपासच होतो, पण समोरच्या ट्रकच्या लाइटमुळे एक वासरू शेवटच्या क्षणी दिसलं. डावीकडे ओढली, वासरू वाचलं, आणि पुढचं डावं चाक गटाराच्या काँक्रीटच्या कडेवर आदळलं. बंपर, डावा हेडलाइट, रेडिएटरचा सपोर्ट, लोअर आर्म, अलॉय. एअरबॅग उघडली नाही, मला खरचटलं पण नाही. वर्कशॉपचं एस्टिमेट ३,८४,०००.

इन्शुरन्स कंपनीचा सर्व्हेयर तिसऱ्या दिवशी आला. चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. बॉनेट उघडलं आणि पहिली नजर गेली ती त्या लाल कोनावर. तीन फोटो काढले, एक जवळून. मग वर्कशॉपच्या स्कॅनचं प्रिंट मागितलं, त्यात ईसीयूच्या सॉफ्टवेअरची ओळख आणि किती वेळा फ्लॅश झालंय ते येतं. कागद वाचता वाचता त्याने मला विचारलं, "साहेब, ईसीयूला हात लावलाय का?" मी खरं सांगितलं. बिलही दाखवलं. त्या क्षणी जर माझ्या हातात जनरल सर्व्हिसचं खोटं बिल असतं तर गोष्ट क्लेम कमी होण्यावर थांबली नसती, फसवणुकीवर गेली असती, हे मला वकील मित्राने नंतर समजावलं.

मग कंपनीचं पत्र आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. तीन मुद्दे होते, गाडीत बदल केला आणि कळवला नाही, बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे, आणि बदलामुळे जोखीम वाढली. क्लेम अडकला. चवथ गाडीशिवाय गेली, त्यानंतरचा महिनापण.

या सात आठवड्यांत मी जे वाचलं, विचारलं, ते इथे सांगतो कारण ट्यूनिंगच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही.

कलम ५२ असं म्हणतं की आरसीवर असलेली माहिती आणि कंपनीने मूळ ठरवलेलं स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच पक्कं केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५ हजार दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मला वाटायचं सॉफ्टवेअर कुठे आरसीवर येतं? पण नवीन आरसी कार्ड उलटं करून बघा, क्युबिक कपॅसिटीच्या सोबतीला हॉर्स पॉवरचाही रकाना आहे. म्हणजे ट्यून केलं की तो आकडा खोटा होतो.

इन्शुरन्सचे दोन भाग वेगळे समजून घ्या. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते, कायद्याने सक्तीचं. त्याचा प्रीमियम फक्त सीसीवर ठरतो, १५०० सीसीच्या वरच्या खाजगी कारला २०२४ मध्ये वर्षाचे ७,८९७ रुपये होते, २३० बीएचपी असो की ३३०. अपघातात जखमी झालेल्या माणसाची भरपाई ट्यूनिंगच्या नावाखाली सहज बुडत नाही, कोर्ट पुष्कळदा कंपनीला आधी द्यायला लावतं आणि मग कंपनी ते मालकाकडून वसूल करू शकते. हा वसूल शब्द लक्षात ठेवा, कारण माणूस जखमी झाला किंवा गेला तर आकडा लाखांत नाही, कोटीतही जाऊ शकतो, आणि तो तुमच्या घरावर येऊ शकतो.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं. जुन्या टॅरिफच्या चौकटीत त्याचा दर सीसी, गाडीचं वय, झोन आणि आयडीव्हीवर (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीवर) बसायचा. गोवा झोन बीमध्ये, कारण झोन एमध्ये पुणे, मुंबईसारखी आठच मोठी शहरं. त्या चौकटीत बीएचपी कुठेच नाही. म्हणून एजंटच्या फॉर्मवर विचारायलाच ओळ नसते आणि आपल्याला वाटतं की म्हणजे सांगायची गरज नाही. पण इन्शुरन्स हा करार विश्वासावर उभा आहे, जोखीम बदलणारी गोष्ट कळवायची जबाबदारी आपली. बाहेरून लावलेल्या वस्तूंसाठी वेगळी सोय आहे, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरीजची किंमत जाहीर करून त्यावर ४ टक्के जादा भरला की त्या कव्हरमध्ये येतात, सीएनजी किटलाही तशीच. न सांगितलेली वस्तू फुटली तर तिचे पैसे नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूनमुळे इंजिन गेलं, पिस्टन वितळला, टर्बो तुटला, क्लच जळला, तर ते कोणत्याच पॉलिसीत बसत नाही, कळवलं असलं तरी. मेकॅनिकल ब्रेकडाउन आणि झीज स्टँडर्ड पॉलिसीत बाहेरच आहेत. इंजिन प्रोटेक्ट नावाचा ॲड-ऑन मुख्यतः पाणी आत जाणं आणि खालून मार लागून ऑइल गळणं यासाठी असतो, आणि त्यातही खाली उघडा इनटेक लावलेला असेल तर पहिला प्रश्न त्यावरच येणार. स्पर्धा आणि स्पीड टेस्टिंग पण बाहेर. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी आणखी एक लक्षात घ्या, या ग्रुपच्या सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीमला बदललेलं सॉफ्टवेअर कळतं आणि गाडीवर टीडी१ म्हणून खूण बसते. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी मग गेलीच समजा, नंतर मूळ फाइल परत टाकली तरी.

माझ्या बोटीवरच्या जर्मन चीफला मी हे सांगितलं तर त्याला आश्चर्य वाटलं. त्यांच्याकडे ट्यूनिंगचे कागद घेऊन टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे जायचं, गाडी तपासायची, वाढलेली पॉवर गाडीच्या कागदावर चढवायची आणि मग इन्शुरन्सला कळवायचं, प्रीमियम वाढतो पण मालक रात्री शांत झोपतो. आपल्याकडे मी फोंड्याच्या आरटीओत विचारलं. रंग बदलला तर प्रक्रिया आहे, सीएनजीला आहे, इंजिन बदललं तर परवानगी घेऊन आहे. काउंटरवरच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की सॉफ्टवेअरने पॉवर वाढवली हे चढवायला रकानाच नाही. मला वाटतं हे चूक आहे. ज्याला प्रामाणिकपणे नोंद करायची आहे त्याला दारच नाही, म्हणून सगळे लपवतात.

क्लेमचं पुढे असं झालं. मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी दिलं, डॅशकॅमचा व्हिडिओ जोडला ज्यात वेग आणि वासरू दोन्ही दिसतात, आणि म्हटलं की अपघाताचं कारण गुरं आणि पाऊस आहे, इंजिनची ताकद नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा अमलेंदू साहूचा निकाल जोडला. त्यात गाडीच्या वापराची अट मोडल्याचा आरोप होता, तरी अख्खा क्लेम बुडवायचा नाही, नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अट मोडलेला पण कमी रकमेवर मिटवायचा, धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यायचा, असं म्हटलंय. विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकली. ऑक्टोबरमध्ये उत्तर आलं. एस्टिमेट ३,८४,०००, त्यातून घसारा गेला, आठ वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टवर ४० टक्के, प्लास्टिक-रबरवर ५० टक्के, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) माझ्याकडे नव्हतं. सर्व्हेयरने धरलेली रक्कम २,४८,०००. त्याचे ७५ टक्के १,८६,०००. त्यातून २,००० ची सक्तीची कपात. हातात १,८४,०००.

म्हणजे ट्यूनचं बिल ५३,१००, आणि एक मेल न पाठवल्याची किंमत ६२,०००. मी विमा लोकपालाकडे जाऊ शकलो असतो, गोव्याचं काम मुंबईच्या कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात आणि कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षभर मुदत असते. पण माझी बोट जॉइन करायची तारीख आली होती आणि चूक माझीही होती, म्हणून सही केली. तुमचा क्लेम पूर्ण फेटाळला असेल तर मात्र सोडू नका, जा.

रिन्यूअलच्या आधी मी कंपनीला थेट मेल लिहिला, एजंटला मध्ये न घेता. गाडीचा नंबर, पॉलिसी नंबर, काय बदललं, कोणत्या तारखेला, किती रुपयांचं, बिलाची प्रत, आणि शेवटी दोन प्रश्न, हे असताना ओन डॅमेज कव्हर चालू राहतं का आणि काय वगळलं जातं. अकरा दिवसांनी उत्तर आलं की आरटीओची नोंद असेल तर पाठवा, नसेल तर मूळ स्पेसिफिकेशनप्रमाणे गाडी असेल असं धरून पॉलिसी दिली जाईल. सरळ अर्थ, ट्यून केलेल्या गाडीला आम्ही हो म्हणणार नाही.

मी दोन दिवस विचार केला. बायको एकच म्हणाली, उद्या रस्त्यावर कोणाला काही झालं तर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाल कोन काढून कंपनीचा डबा परत बसवला आणि गाडी घेऊन कुंडईच्या रस्त्याने त्याच गॅरेजमध्ये गेलो. त्याने जानेवारीतली मूळ फाइल काढली, चार्जर लावला, परत टाकली, एक पैसा घेतला नाही, उलट मूळ फाइल परत बसवल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून कागद दिला, तो मी कंपनीला पाठवला आणि पॉलिसी स्वच्छ रिन्यू झाली.

मग सवयीने बोरीपर्यंत एक लॉग. चारही रेषा सरळ, रिटार्ड नाममात्र, ४० ते ८० ला ३.९ सेकंद. ट्यूनचा तो २००० पासूनचा ओढा आठवतो, खोटं कशाला सांगू, अनमोड चढताना जास्त आठवतो. पण नवीन प्लग, चांगलं ऑइल आणि ९५ ऑक्टेनवर ही गाडी जशी चालते तशी मी घेतली त्या दिवशीही चालत नव्हती, आणि हे शोधून दिलं त्याच माणसाने. लॉगमध्ये कूलंटचं तापमान चढावर किंचित वर जाताना त्याला दिसलं, या इंजिनाचं वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं हाउसिंग गळतं हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं आहे. आताच घाई नाही म्हणाला, पुढच्या वेळी बोटीवरून आलात की बघू. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख घेऊन ठेवलीय.